आजोबा म्हणतात, सरकारने मला काय दिलं?

कोलंबस, ओहायो

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "एवढा श्रीमंत देश, शिकलेली माणसं, मग टॅरिफ, म्हणजे परदेशी मालावरचं आयात शुल्क, चीन भरतो असं अमेरिकन लोकांना वाटतंच कसं?" फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

टॅरिफ भरतो इथला आयातदार, इथल्याच कस्टम्सकडे. फार तर तिकडचा कारखानदार भाव थोडा उतरवून देतो. बाकीचा बोजा आयातदार, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात वाटला जातो, आणि ढकलाढकलीत सगळ्यात शेवटी गिऱ्हाईकच उभं असतं. २०१८ मध्ये परदेशी वॉशिंग मशीनवर टॅरिफ बसला. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब मांडला, तर मशीन साधारण १२ टक्क्यांनी महागली होती. गंमत म्हणजे कपडे वाळवायचे ड्रायरही जवळपास तेवढेच महागले, आणि ड्रायरवर तर टॅरिफ नव्हताच! पण इथे दोन्ही जोडीनेच घेतात. दुकानात एकाच रंगाची दोन धुडं शेजारीशेजारी उभी असतात, बहुतेकदा किंमतही सारखीच. कंपन्यांनी वाढ दोघांवर वाटून टाकली, आणि देशी कंपन्यांनीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. नोकऱ्या आल्या सुमारे १,८००. एकेका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला ८ लाख डॉलरच्या वर गेले. त्यापेक्षा त्या लोकांना घरी बसवून पगार दिला असता तरी स्वस्त पडलं असतं.

आणि हे कळणार कसं? इथे लेबलवरच्या किमतीत सेल्स टॅक्स धरलेला नसतो, तो काउंटरवर चढतो आणि पावतीवर वेगळा छापून येतो. त्यावर लोक रोज कुरकुरतात. टॅरिफची ओळ पावतीवर सहसा नसतेच. जो कर दिसतो त्याचा राग येतो, जो दिसत नाही तो दुसऱ्या देशाच्या नावावर खपवता येतो. पुढाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. त्यांना अडाणी म्हणू नका.

आता उलटी बाजू. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. जन्मभर ट्रक चालवला, आता गुलाबांची निगा राखतात आणि सरकारला शिव्या घालतात. "सरकारने मला आयुष्यात एक छदाम दिला नाही," हे त्यांचं पालुपद. त्यांच्या खात्यात दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, जमा होते (जन्मतारखेवरून बुधवार ठरतो, आजोबांनीच सांगितलं). खुब्याचं ऑपरेशन झालं ते मेडिकेअरवर, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यावर. लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचं ते कार्ड पाकिटातून काढून त्यांनी मला दाखवलं, आणि वर म्हणाले, "हे सरकारी नव्हे, हे माझे कापलेले पैसे."

त्यांचं अगदीच चूक नाही. पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापतात, मालकही तेवढेच भरतो. पण मेडिकेअरचा जो भाग डॉक्टरांची बिलं भागवतो, त्याचा जेमतेम पाव खर्च म्हाताऱ्यांच्या हप्त्यांतून निघतो. बाकीचा मुख्यतः सरकारी तिजोरीतून, म्हणजे त्यात मीही आले. हे मी आजोबांना सांगितलं नाही. त्यांची फुलं येतात आमच्या टेबलावर.

ते एकटे नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातल्या सुझॅन मेटलर यांनी २००८ च्या पाहणीत लोकांना आधी विचारलं, तुम्ही कधी सरकारी योजनेचा फायदा घेतला आहे का? मग एकेका योजनेचं नाव घेऊन विचारलं. सोशल सिक्युरिटी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के आणि मेडिकेअर घेणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांनी आधी "नाही" असं सांगितलेलं होतं. गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांत तर ते प्रमाण ६० टक्के. ती सवलत रिटर्नमधल्या एका रकान्यात असते. मोठं घर, मोठं कर्ज, मोठी सवलत. तिला कुणी फुकटेगिरी म्हणत नाही. फुकटे कोण, तर ज्यांना धान्यासाठी मदत मिळते ते, कारण त्यांचं कार्ड दुकानाच्या रांगेत सगळ्यांना दिसतं.

तसंच परदेशी मदतीचं. पाहणीत विचारलं की लोक सरासरी सांगतात, केंद्राच्या बजेटचा पाव भाग त्यात जातो. खरा आकडा १ टक्क्याच्या आसपास. २०२५ मध्ये ही मदत वाटणारं सरकारी खातं, यूएसएड, मोडीत निघालं, तेव्हा आमच्या ऑफिसात दोघंतिघं म्हणाले, चला, आता देशाचं कर्ज उतरेल. इंजिनिअर आहेत हो ते!

तुम्ही हसाल. पण आपल्याकडे दुसरं टोक आहे. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये खात्यात यायच्या आधी चौकाचौकात फोटो लागले. आईच्या भिशीतल्या बायकांना ते पैसे भावाने ओवाळणी घातल्यासारखे वाटत असतील, तर तेही अज्ञानच की. फक्त तिथे सरकार नको तितकं दिसतं. मला विचाराल तर आपली तऱ्हा जरा बरी. निदान पैसे आले नाहीत तर कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं हे बायकांना माहीत असतं. इथल्या माणसाची सवलत उद्या गेली, तर ती होती हेच त्याला आठवणार नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, की तुम्ही दोघांनी कायमचं इकडे यावं का. ग्रीन कार्डवर तुम्हाला इथे आणलं, तरी मेडिकेअरचा हप्ता भरायची परवानगी मिळायला पाच वर्षं सलग राहावं लागतं. तोवर सत्तरीतल्या दोघांचा खाजगी विमा म्हणजे काय, ते बाबा, तुम्ही जिल्हा परिषदेत हिशेब केलेत, तुम्हीच मांडून बघा. पेन्शन आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, रात्री हाक मारली तर दादा आहे. म्हणून मी आग्रह करत नाही. त्याचा राग मानू नका. उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी या, त्या मुदतीचा प्रवासी विमा मी बघते. आधीपासूनच्या दुखण्याला त्यात फारसं काही मिळत नाही, म्हणून निघायच्या आधी आईचा गुडघा तिकडेच दाखवून घ्या. एक्स-रेचा फोटो आजच पाठवा. दादा विसरतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

तुमची,
मीनल