इंग्रजीच्या तासाला मुलींना उभं राहून बोलू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेले काही दिवस मराठी माध्यमातल्या मुलांच्या इंग्रजीवर पत्रं येतायत. कुणी म्हणतं पहिलीपासून इंग्रजी आणायलाच नको होतं, कुणी म्हणतं शिक्षकांनाच येत नाही, कुणाला सेमी इंग्लिश हाच उपाय वाटतो. मी तालुक्याच्या गावी मुलींच्या माध्यमिक शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवतेय, गॅदरिंगची नाटकंही माझ्याकडेच असतात, म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट राहूनच जातेय. आपल्या मुली इंग्रजीच्या तासाला बोलतच नाहीत. त्यांच्यावर बोलायची वेळच येत नाही.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मुलगी नववीत येते तेव्हा तिची आठ वर्षं इंग्रजी शिकून झालेली असतात. आणि ती लिहिते हो, लिहीत नाही असं नाही. व्हॉइस बदलून देते, क्वेश्चन टॅग लावते, पत्राचा फॉरमॅट तर पाठच असतो. पण "मॅडम, कळलं नाही, परत सांगा" एवढं इंग्रजीत विचारायला उभी राहायची म्हटलं की आधी हात तोंडावर जातो, मग मान खाली, मग शेजारणीकडे बघणं, आणि शेवटी "मॅडम, हिला विचारा". हे इंग्रजी न येण्याचं लक्षण नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हीच मुलगी मराठीच्या तासालाही तशीच उभी असते. मोठ्यांदा बोलायचं नाही हे तिला घरी फार लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि आपण शाळेत त्याच्यावर काहीच करत नाही, उलट शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग असं म्हणतो.

दहावीला इंग्रजीचे 80 मार्क लेखी आणि 20 मार्क तोंडी म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे. हे 20 मार्क कसे दिले जातात ते शिक्षकांना माहीत आहे, पालकांनाही आता माहीत झालंय. विषय आधीच सांगितलेला असतो, मुली चार ओळी पाठ करून येतात, भिंतीकडे बघत एका दमात म्हणतात आणि सगळ्यांना जवळपास सारखेच मार्क पडतात. खरं तर बोर्डाने दिलेली ही सगळ्यात चांगली संधी आहे, वर्षभर बोलून घ्यायची, आणि ती आपण एका दुपारी उरकून टाकतो.

मी काय करते ते सांगते, म्हणजे हे नुसतं तक्रारीचं पत्र होणार नाही.

दहावीच्या पुस्तकात जोन ऑफ आर्कवरचा नाट्यउतारा आहे, बर्नार्ड शॉच्या 1923 सालच्या नाटकातला. बहुतेक ठिकाणी तो भाषांतर करून, प्रश्नोत्तरं लिहून देऊन संपवतात, पोर्शन पुढे न्यायचा असतो आणि त्यात शिक्षकांचा सगळा दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण नाटक बसून वाचायचा प्रकारच नाही. मी आधी मराठीत गोष्ट सांगते, फ्रान्सच्या बऱ्याच भागावर इंग्रजांचा कब्जा, ऑर्लिन्स शहराला वेढा पडलेला, आणि सतरा-अठरा वर्षांची एक खेड्यातली शेतकऱ्याची पोरगी किल्ल्यावरच्या कॅप्टनसमोर जाऊन उभी राहते. मग टेबल बाजूला सरकवतो, एक मुलगी कॅप्टन रॉबर्ट, एक त्याचा कारभारी, एक जोन. मूळ नाटकाची सुरुवात कॅप्टनच्या ओरडण्याने होते, सकाळी अंडीच मिळालेली नाहीत म्हणून, "नो एग्ज! नो एग्ज!!", तेवढं मी वाचून दाखवते आणि मग रॉबर्ट झालेल्या मुलीला म्हणते, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. पहिल्यांदा आवाज निघतच नाही. वर्ग हसतो. दुसऱ्या तिसऱ्या वेळेला अशी काही ओरडते की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून जातात.

मग जोन येते आणि कॅप्टनला सांगते की तू मला घोडा दे, चिलखत दे, थोडे सैनिक दे आणि मला राजपुत्राकडे पाठव. आमच्या मुली हे वाक्य हमखास विनंती केल्यासारखं म्हणतात, मान तिरकी, आवाज बारीक, सुट्टी मागायला ऑफिसात गेल्यासारखा. मी विचारते, पुस्तकात प्लीज कुठे लिहिलंय? दाखव. शोधतात, नाही सापडत. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, एवढ्या मोठ्या माणसाशी असं कसं बोलायचं?" मी म्हटलं तेच तर करून बघायचंय. मग तिने ते म्हटलं, सरळ बघून, न अडखळता, आणि रॉबर्टचं काम करणारी मुलगी खरोखरच एक पाऊल मागे सरकली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर या उताऱ्यावरची प्रश्नोत्तरं मला फळ्यावर लिहून द्यावी लागली नाहीत, मुलींनी आपापली लिहिली, स्पेलिंगच्या चुका होत्या पण वाक्यं त्यांची स्वतःची होती. आणि ज्या वर्गाने असे दोनतीन उतारे उभं राहून केलेत त्या वर्गाचं तोंडी परीक्षेतलं बोलणंही वेगळं असतं, हे मी दरवर्षी बघतेय.

पुढे जोनचं काय झालं ते मुली विचारतातच. 1429 मध्ये ऑर्लिन्सचा वेढा उठला, आणि 1431 मध्ये तिला जिवंत जाळलं. तिच्यावर जे आरोप होते त्यात पुरुषाचे कपडे घालते हाही एक होता. हे सांगितलं की वर्गात जो राग येतो तो कुठल्याही गाईडमध्ये मिळायचा नाही.

आणि कपड्यांवरून आठवलं म्हणून सांगते. आम्ही हा प्रवेश गॅदरिंगला बसवला तेव्हा काही पालक भेटायला आले की मुलीला दाढीमिशा लावून, पँट घालून स्टेजवर उभं करू नका, नातेवाईक बघतात. मी त्यांना रागावले नाही, त्यांची काळजी मला कळते. पण आपल्याच रंगभूमीचा इतिहास बघा. बालगंधर्वांची शालीनता, त्यांचं नऊवारी नेसणं आपण डोक्यावर घेतलं, घराघरातल्या बायका त्यांची नक्कल करायच्या, कारण चांगल्या घरातल्या बाईने स्टेजवर यायचंच नाही हे ठरलेलं होतं. 1933 साली नाट्यमन्वंतर या नाटकसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणलं, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा बायकांची कामं बायकांनी करायची हे नवल म्हणून बघितलं गेलं. पुरुषाने बाईचं काम केलं तर ती कला, आणि नववीतल्या मुलीने शिपायाचं केलं की नातेवाईक काय म्हणतील, हे काही बरोबर नाही.

आगरकर म्हणायचे मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या. पहिल्या अर्ध्याशी कुणाचंच भांडण नसावं. दुसऱ्याबद्दल मला माझ्या अनुभवातलं एवढंच सांगायचंय की मुलींच्या शाळेत राजा, शिपाई, वकील, चोर, विदूषक सगळं मुलीच करतात. मी आधी को-एड शाळेत होते, तिथे नाटकात मुलीला आई नाहीतर सूत्रसंचालन, फार तर झाशीची राणी, बाकी मोठी कामं मुलांकडे, हे कुणी ठरवून करत नव्हतं, तसं व्हायचं. मुलींच्या शाळा बंद करून एकत्र करायच्या गोष्टी निघतात तेव्हा हे पण लक्षात घ्यावं.

1884 साली रानडे, भांडारकर, मोडक यांनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं, आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो, तेव्हाही मुलींना इंग्रजी कशाला, त्यांना शिवणकाम-स्वयंपाक शिकवा यावर वर्तमानपत्रातून मोठं भांडण झालं होतं. आज तसं उघड कुणी म्हणत नाही. पण "दहावीच्या वर्षात नाटकं कशाला" हे मी दर वर्षी ऐकते, आणि नाटक म्हणजे अभ्यास नाही हे मुलींच्या बाबतीत जास्त लवकर ठरवलं जातं.

अडचणी खऱ्या आहेत. आमच्या निम्म्याहून जास्त मुली आजूबाजूच्या गावांतून एसटीने येतात, अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे म्हणूनच कित्येकींचं शिक्षण चालू आहे, पण संध्याकाळची गाडी चुकली तर पुढची अंधार पडल्यावर, त्यामुळे शाळा सुटल्यावर तालीम शक्यच नाही. तालीम शाळेच्या वेळातच व्हायला पाहिजे. आणि शाळेच्या वेळात तास मिळत नाही, ऑफ तास मिळाला की गणिताच्या बाई मागतात, त्यांचंही चूक नाही. वर्गात पासष्ट सत्तर मुली, मग एका वेळी तिघी बोलणार आणि बाकीच्या ऐकणार. मी गट करते, एकच प्रवेश वर्गाच्या चार कोपऱ्यात चार गट करतात, गोंगाट होतो, होऊ दे, मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवायचं एवढंच.

आता मागणं. बोर्डाने तोंडी परीक्षेत पाठ केलेल्या भाषणाऐवजी पुस्तकातला नाट्यप्रवेश दोघीतिघींनी मिळून सादर करायची सोय स्पष्ट शब्दांत लिहून द्यावी, म्हणजे शिक्षकाला वर्षभर ते करून घ्यायला आधार मिळेल. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस तरी रंगभूमीवर काम करणाऱ्या माणसाला बोलवावं, पीपीटी दाखवून नाट्यवाचन शिकवता येत नाही. आणि संस्थाचालकांना हात जोडून विनंती, गॅदरिंगमध्ये रेकॉर्ड लावून केलेल्या नाचांची संख्या थोडी कमी करा. मलाही नाच आवडतात, पण त्यात मुलीचा आवाज कुठेच नसतो. नाटकाला सुरुवातीची वेळ द्या, पाहुण्यांची भाषणं आणि बक्षीस समारंभ झाल्यावर रात्री साडेनऊला नाही, तेव्हा निम्मे पालक मुलींना घेऊन निघून गेलेले असतात आणि जोन रिकाम्या खुर्च्यांशी बोलते. आमच्या शाळेत या वर्षी नाटक पहिलं ठेवायचं मुख्याध्यापकांनी कबूल केलंय. बाकी शाळांनीही डिसेंबरचे कार्यक्रम ठरवायच्या आधी हा विचार करावा, म्हणून आत्ताच लिहितेय.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका
(सातारा जिल्हा)