जॅझमधील ‘भेसळी’विषयी

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

आपल्या पुरवणीत तरुण जॅझ बँडांविषयी प्रसिद्ध झालेल्या लेखात, ही मुले हिपहॉप, जमैकाचे रेगे आणि नायजेरियाचे आफ्रोबीट मिसळून गर्दी जमवतात खरी, पण त्यात जॅझ कितीसा उरतो, असा प्रश्न उपस्थित केला आहे. प्रश्न गैर नाही. मात्र त्याचे उत्तर देताना ‘भेसळ’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला गेला, तो खटकला. भेसळ व्हायला आधी शुद्ध माल असावा लागतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये या संगीताने आकार घेतला तेव्हाच त्यात ब्लूज होते, रॅगटाइम होते, चर्चमधील गाणी होती, मिरवणुकीतील पितळी वाद्यांचे ताफे होते आणि कॅरिबियन बेटांवरील ठेकेही होते. पुढे १९४७ मध्ये जॅझचे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी क्यूबाचे तालवादक चानो पोझो यांना आपल्या वाद्यवृंदात घेतले, तर १९७० मध्ये ‘बिचेस ब्रू’ हा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा विद्युत वाद्यांनी भरलेला अल्बम आला आणि हा जॅझच नव्हे, असे म्हणणारे तेव्हाही निघाले. तो अल्बम आज जॅझच्या कोणत्याही इतिहासात सापडतो.

तेव्हा मिसळावे की नाही, हा वाद जुना आणि निकाली निघालेला आहे. मिसळलेले कधी एकजीव होते आणि कधी नुसते शेजारी बसते, हे पाहायला हवे, आणि आपल्या लेखाने नेमके तेच सोडून दिले आहे. पारंपरिक जॅझच्या ‘स्विंग’मध्ये एका मात्रेचे दोन भाग करताना पहिला लांबवतात आणि दुसरा आखूड ठेवतात, फंकमध्ये किंवा रॉकमध्ये हे भाग बहुधा समान पडतात, रेगेमध्ये गिटारचा भर मात्रेवर न पडता तिच्या मधल्या जागेत पडतो. ड्रमवादक एका चालीने आणि बासवादक दुसऱ्या चालीने वाजवत असेल, तर वर सॅक्सोफोन कितीही सुरेल असला तरी श्रोत्याचे पाऊल अडखळते. हे कागदावर सोडवता येत नाही, कारण दोन्ही ठेके वादकाच्या अंगात मुरलेले असावे लागतात. आफ्रोबीटचा ठेका घडवणारे नायजेरियाचे टोनी ॲलन हे आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच या अमेरिकी जॅझवादकांचे ड्रमवादन ऐकत तयार झाले होते, म्हणजे आज जॅझमध्ये आफ्रोबीट घुसवणारी मुले एका अर्थी घरचेच धन घरी आणत आहेत.

लंडनच्या एझ्रा कलेक्टिव्हचे उदाहरण येथे देतो. २०१२ मध्ये जमलेल्या पाच वादकांच्या या बँडला २०२३ मध्ये मर्क्युरी पारितोषिक, म्हणजे ब्रिटन व आयर्लंडमधील वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान, मिळाले. १९९२ पासून दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकाच्या यादीत जॅझचे अल्बम वरचेवर येत, पण जिंकत कधीच नसत. तो मान मिळवणारा हा पहिला जॅझ बँड. पुढच्याच वर्षी त्यांनी लंडनच्या वेम्बली अरीना या भव्य सभागृहात स्वतःचा कार्यक्रम केला. आपल्या लेखात अशा यशाला ‘अचानक’ असे विशेषण लावले आहे. या अचानकपणामागे ११ वर्षे आहेत आणि त्यामागे आणखी एक संस्था आहे. बासवादक गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ‘टुमॉरोज वॉरियर्स’मध्ये तरुणांना जॅझचे विनामूल्य शिक्षण मिळते आणि तालमीसाठी एकत्र जमता येते. एझ्रा कलेक्टिव्हचे वादक तेथे घडले. लंडनचे नावाजलेले जॅझवादक नुबाया गार्सिया, मोझेस बॉइड आणि शबाका हचिंग्ज हेही तेथलेच. घरात रेगे किंवा आफ्रोबीट ऐकून आलेली मुले एका खोलीत आठवड्यामागून आठवडे जॅझची घोटणी करत बसली, की त्यांच्या वादनात जे उतरते त्याला मिश्रण म्हणण्याचेही कारण उरत नाही.

कारकीर्द उभी राहते तीही याच खोलीतून, आणि फार सावकाश. टेक्सासमधील डेंटन येथे विद्यापीठात शिकणाऱ्या मित्रांना घेऊन मायकेल लीग यांनी २००४ मध्ये ‘स्नार्की पपी’ हा बँड सुरू केला. त्यांना पहिले ग्रॅमी मिळाले २०१४ मध्ये. मधली वर्षे गाडीत वाद्ये कोंबून गावोगावी वाजवण्यात गेली. ध्वनिमुद्रणाच्या पैशांवर जगण्याची सोय तर आता जवळपास उरलेलीच नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते, त्यामुळे दहा मिनिटांच्या रचनेला आणि दोन मिनिटांच्या गाण्याला सारखेच मोल. शिवाय २०२४ पासून वर्षभरात किमान १,००० श्रवणे न झालेल्या ध्वनिमुद्रणाला तेथे मानधनच मिळत नाही. ज्या कलेचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात आहे, तिच्यासाठी हा हिशोब उलटाच पडतो. पाच जणांत बिदागी वाटायची, प्रवासखर्च वजा करायचा आणि रचनेचे श्रेय कोणाच्या नावावर लिहायचे हेही ठरवायचे. बँड फुटतात ते बहुधा या शेवटच्या मुद्द्यावर, शैलीवरून फुटल्याचे मी तरी फारसे ऐकलेले नाही.

उरतात ते प्रत्यक्ष कार्यक्रम, आणि नवशिक्यांना उभे राहू देणारी छोटी सभागृहेच नेमकी बंद पडत आहेत. छोट्या सभागृहांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेच्या अहवालानुसार ब्रिटनमधील अशा १२५ ठिकाणांचे संगीत २०२३ या एका वर्षात थांबले. वेम्बलीपर्यंतची वाट अशाच ठिकाणांवरून जाते.

आपल्या लेखकाची एक तक्रार मला मान्य आहे. ओळखीच्या ठेक्यावर चार सुटे स्वर टाकून त्याला जॅझ म्हणवणारे बँड आहेत, आणि त्यांचे दुसरे गाणे ऐकण्याची उत्सुकता राहत नाही. परंतु त्यांची उणीव तालमीची आहे. तेच वादक निव्वळ स्विंग वाजवू लागले तरी ती तशीच ऐकू येईल.

एक विनंती करून थांबतो. पुढच्या वेळी एखाद्या तरुण बँडविषयी छापताना त्यांनी कोणकोणत्या शैली एकत्र केल्या याच्या यादीऐवजी, ते एकमेकांबरोबर किती वर्षे वाजवत आहेत, तालमीची जागा त्यांना कोणी दिली आणि बिदागी ते कशी वाटून घेतात, हे आपल्या प्रतिनिधीने त्यांना अवश्य विचारावे.

आपला,
एक नियमित वाचक