बर्फावरून, आई-बाबांना

बॅरी, ओंटारिओ
फेब्रुवारी, रविवार

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई गप्प होते आणि बाबा रेंज नाही म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहितेय. मे महिन्यात कायमची येते म्हटलं होतं, ते आता होणार नाही. इथल्या कामाच्या आणखी दोन वर्षांच्या कागदावर गेल्या आठवड्यात सही केली. आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघंही "तुला बरं वाटेल ते कर" म्हणाला असता, आणि मग माझा हात सहीला उठला नसता.

आई, आधी तुझ्या काळजीचं बोलते. बर्फ फुटला तर? आम्ही पाऊल टाकण्याआधी गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजतो. स्वच्छ, निळसर बर्फ 15 सेंटिमीटर तरी हवा. बर्फ पांढरा असेल तर तो निम्म्याच ताकदीचा धरायचा आणि जाडी दुप्पट असल्याशिवाय पुढे जायचं नाही. अंगात पाण्यावर तरंगणारा सूट असतो, गळ्यात बर्फात रोवायचे दोन टोचे, आणि एकटीने कधीच जायचं नाही. पायात दोन जोड लोकरी मोजे, थर्मासमध्ये आल्याचा चहा. जेवणाचंही बघ, आमसुलं आणि तिरफळं अजून पुरतील एवढी आहेत. कुळथाची पिठी आठवड्यातून दोनदा तरी करतेच.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, तलावातले मासे मोजायला मालवणची पोरगी कशाला लागते. नीट सांगते.

सिमको तलाव आमच्या केम्पेनफेल्ट खाडीत सगळ्यात खोल, 41 मीटर, म्हणजे तुमचे 22 वाव. तळाच्या थंड पाण्यात लेक ट्राउट नावाची मासळी राहते. शेतांतून आणि गावांच्या सांडपाण्यातून फॉस्फरस तलावात आला, शेवाळ माजलं, मेलं, तळाला बसलं. ते कुजताना उन्हाळ्याच्या अखेरीस खालच्या पाण्यातला प्राणवायू फारच कमी व्हायचा. वर पाणी गरम, खाली श्वास नाही, लहान पिल्लांनी जायचं कुठे? तलावातली पैदास थांबल्यासारखी झाली आणि 1960 च्या दशकापासून बाहेर वाढवलेली पिल्लं सोडून ही ट्राउट टिकवली. आता वर्षाला 44 टनांपेक्षा जास्त फॉस्फरस तलावात जाऊ नये आणि तळाच्या पाण्यात लिटरमागे 7 मिलिग्रॅम प्राणवायू राहावा, असं ठरवलंय. ते गाठायचं काम अजून चालू आहे.

सोडलेल्या पिल्लाचा एखादा पर आधी कापतात, तीच त्याची खूण. माझं काम बर्फावरच्या झोपड्यांतून फिरायचं. किती तास गळ टाकला, काय लागलं, ते विचारायचं, मासा मोजायचा आणि त्याचे पर बघायचे.

परवा तुमच्याच वयाच्या एका आजोबांना ट्राउट लागली. मी हातमोजा काढून एकेक पर बोटांनी चाचपला. पोटाखालचे दोन्ही होते. शेपटीजवळ पाठीवर नखाएवढा मांसल पर असतो, तोही होता. सगळे शाबूत. म्हणजे ती याच तलावात, खडकांच्या कपारीत घातलेल्या अंड्यातून आलेली. आजोबांना सांगितलं. नियमाने त्यांना ती ठेवता आली असती. त्यांनी तिचं डोकं भोकातल्या पाण्यात धरलं आणि ती आपणहून शेपूट हलवेपर्यंत हात काढला नाही. त्यांचा हात लालभडक झाला होता.

मला तेव्हा तुमची ती अंड्यांवरची शेवंड आठवली. त्या वर्षी माझी फी भरायची होती, ती विकली असती तर अर्धी भागली असती. आई काही बोलली नव्हती. तुम्हीही नाही.

इथेही विणीच्या वेळी बंदी असते. ट्राउट शरदात अंडी घालते, तेव्हा धरायची नाही. हेरिंग हा इथला दुसरा मासा कमी झाला तेव्हा 2001 मध्ये त्याची मासेमारीच बंद केली, ती 2015 मध्ये उघडली. आपली 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, तेवढी पाळतानाही बंदरावर किती भांडणं! हे चौदा वर्षं थांबले. ट्राउटला अंड्यावर यायलाच सहा-सात वर्षं लागतात, तेव्हा एका हिवाळ्याच्या मोजणीतून काय कळणार? सोडायची पिल्लं किती कमी करायची, हे पर शाबूत असलेल्या ट्राउट किती मिळतात त्यावरून ठरवायचं. त्यात आता काही हिवाळे उबदार जातात, बर्फ धरतच नाही. मी अर्ध्यात सोडलं तर माझ्याच वह्या अपुऱ्या राहतील. हे तुम्हाला पटवतेय की स्वतःला, माहीत नाही.

आई, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हते. पट्टी काढली तेव्हा तू "पोर खय आसा?" असं विचारलंस, हे धाकट्या मावशीने सांगितलं. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या डोळ्याची तारीख माझ्याशिवाय घ्यायची नाही. मी दिवाळीआधी पाच आठवडे येतेय, रजा मंजूर झालीय, तिकीट काढलंय. तोवर विळीवर खाली बसायचं नाही, गुडघा पुन्हा सुजेल. ओट्यावर सुरी वापर. चुलीपाशी तर जायचंच नाही.

बाबा, साखर दर सोमवारी तपासून आकडा मला पाठवायचा, "ठीक आहे" नको. होडीवर संध्याकाळी एकटं जायचं नाही. पायाला काही लागलं तर हळद लावून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. रागावू नका, इतक्या लांबून मला एवढंच करता येतं.

एक मागायचंय. ढोम्याच्या डोक्यातले पांढरे दगड तुम्ही मला सागरगोटे म्हणून जमवून द्यायचात ना, ते आईच्या जुन्या कुंकवाच्या डबीत अजून असतील. ट्राउटच्या डोक्यातही असे दोन असतात, अगदी इवलेसे. भिंगाखाली त्यांच्यावर वर्षा-वर्षाची वलयं दिसतात, झाडाच्या बुंध्यासारखी. इथल्या लोकांना आपला मोठा दगड दाखवायचाय. मावशीचा मुलगा मार्चमध्ये टोरोंटोला येतोय, त्याच्याकडे द्या. कापसात गुंडाळा, आणि डावा-उजवा एकाच माशाचा बघून द्या.

तुमची,
चेडू