आई, ते फुलपाखरू नव्हतं

सान फेलिपे, चिली
18 जानेवारी

प्रिय आई आणि अण्णांना सा. न.

फोनवर अण्णा मला पूर्ण बोलूच देत नाहीत म्हणून हे एवढं लांबलचक टाईप करतोय, छोटीला वाचून दाखवायला सांग. रविवारी मी स्टेटसला टाकलेला फोटो बघून अण्णा ग्रुपवर सगळ्यांसमोर म्हणाले, कामाला गेलायस का फुलपाखरं धरायला. तर पहिली गोष्ट म्हणजे तो सुट्टीचा दिवस होता. आणि दुसरी, ते फुलपाखरू नाहीच, पतंग आहे.

मला तरी कुठं माहीत होतं. इथून जवळच ला कांपाना नावाचा डोंगर आहे, त्याच्या ओकोआच्या बाजूला आम्ही चौघं कामावरचे गेलो होतो. (1834 मध्ये डार्विन चढला होता त्या डोंगरावर, छोटीला सांग, तिला माहीत असेल.) भर दुपार, ऊन असं की टोपीतून डोकं तापत होतं, आणि हे समोरून सुसाट आलं. जवळपास माझ्या तळहाताएवढं, पुढचे पंख राखाडी-हिरवट, मागचे काळे आणि त्यावर नारिंगी ठिपके. एका दगडावर बसलं, दुसरं आलं की त्याच्या अंगावर धावून जायचं आणि परत त्याच दगडावर. बांधावरून भांडणारे आपले दोन शेजारी आठवले, नाव लिहीत नाही, तुला कळलं. मिशांच्या टोकाला फुलपाखरासारखी गाठसुद्धा होती. म्हणून मी ठामपणे म्हणालो, फुलपाखरू. तर आमच्या ॲग्रोनॉमिस्ट बाई हसल्याच. दिवसा उडतं, रंगीत आहे, मिशांना गाठ आहे, हे सगळं खरं, पण मागच्या पंखाच्या मुळाशी एक राठ केस असतो, तो पुढच्या पंखात अडकतो आणि दोन्ही पंख एकत्र हलतात, ही खूण पतंगाची. आणि इथल्या भाषेत दोघांनाही मारिपोसाच म्हणतात, त्यामुळे सगळा घोळ. याचं नाव मारिपोसा देल चाग्वाल.

अण्णांसाठी: चाग्वाल म्हणजे दिसायला आपल्या घायपातासारखं झाड, पण जात अननसाची. पानांच्या कडेला उलटे काटे, हात आत घातला की बाहेर काढताना कळतं. फुलाचा दांडा माणसापेक्षा उंच. या पतंगाची अळी त्याच्या खोडात शिरून आतून पोखरत वाढते, म्हणजे आपल्या उसातल्या खोडकिडीसारखंच. अण्णा लगेच विचारतील फवारणी काय करतात. काही करत नाहीत अण्णा, कौतुक करतात, हा पतंग फक्त चिलीतच सापडतो. चाग्वालचा कोवळा गाभा मात्र हेच लोक कापून लिंबू पिळून कोशिंबिरीसारखा खातात, मग पतंगानं राहायचं कुठं हे कोणी विचारत नाही.

माझ्या कामातला पतंग वेगळा, तो एवढासा, नखाएवढा. लोबेसिया. 2008 मध्ये पहिल्यांदा चिलीत सापडला, त्याची अळी द्राक्षाच्या मण्यात शिरते आणि मग घड सडतो. आपल्या द्राक्षबागेतले डावणी, भुरी हे रोग आणि मिलीबग ही कीड एकीकडे आणि हा एकीकडे. मी ओळीओळीत लावलेले चिकट सापळे बघतो आणि नर मोजतो. गावात तुम्ही मॅनेजर सांगितलंय ते राहू द्या, पण पतंग मोजायची नोकरी असं हसण्यावारी पण नेऊ नका, एका सापळ्यातले आकडे वाढले की इथं ऑफिसात धावपळ सुरू होते.

आता तुझ्या काळज्या. भूकंप: मोठा 2010 मध्ये झाला, आता अधूनमधून हलतं, लोक चहाचा कप हातात धरून बसून राहतात, मी पण शिकलो. वणवा: तू टीव्हीवर पाहिलास तो 2024 च्या फेब्रुवारीतला, विन्या देल मारचा, फार वाईट होता, शंभराच्या वर माणसं गेली, तिथली मोठी बोटॅनिकल गार्डन पण जळाली. पण ते इथून शंभरेक किलोमीटर लांब. दरवेळी कुठं धूर दिसला की मला फोन करू नकोस गं, इथं तेव्हा रात्र असते.

जेवणाचं. मी उपाशी नाही. गोष्ट अशी आहे की इथं संध्याकाळी ओन्से असतं. ओन्से म्हणजे अकरा. पण अकरा वाजता नाही, सहा-सात वाजता. अकरा का म्हणतात विचारलं तर घरमालकीण म्हणते पूर्वी माणसं दारूला अग्वार्दिएन्ते म्हणायची, त्या शब्दाच्या इथल्या स्पेलिंगमध्ये अकरा अक्षरं, मग बायकोसमोर नाव घ्यायचं नाही म्हणून चला अकरा घेऊया. दुसरा कोणी म्हणतो हे इंग्रजांकडून आलं. असो. तर या अकरात चहा, पाव, आणि पावावर पाल्ता म्हणजे ॲव्होकाडो, मीठ घालून कुस्करलेला. बस. हेच रात्रीचं जेवण! भाजी नाही, भात नाही, पाव संपला की जेवण संपलं, आणि त्यावर तासभर गप्पा. घरमालकीण मला रोज बोलावते, नाही म्हटलं तर तिचा चेहरा पडतो, म्हणून मी खातो आणि नऊ वाजता खोलीत गुपचूप खिचडी लावतो. एकदा तिला फोडणीचा वास गेला. आता ती वाटी घेऊन येते. म्हणजे मी दोनदा जेवतो, कमी नाही. फोटोत बारीक दिसतो ते उन्हामुळं.

पैशांचं, या महिन्यात चाळीसच पाठवलेत, व्हिसाची फी भरायची होती. सोसायटीचा हप्ता त्यात भागेल, कार्टनचं पुढच्या महिन्यात बघतो, अण्णांनी त्यासाठी कोणाकडे मागू नये.

सिन्नरचं स्थळ चांगलं आहे, मी नाही म्हटलेलं नाही. पण तू माझा बायोडाटा किती ठिकाणी पाठवलास? इथं बागेत त्या पतंगासाठी एक युक्ती करतात, मादीच्या वासाच्या वायरी वेलींना बांधतात, मग सगळीकडेच तो वास येतो आणि नराला खरी मादी सापडतच नाही. तेवढं लक्षात ठेव.

छोटीच्या साखरपुड्याला मला जमणार नाही. फेब्रुवारीत इथं काढणी ऐन भरात असते, तिथंही असते, मला माहितीये, अण्णा एकटे आहेत, मजूर मिळत नाहीत आणि मी इथं दुसऱ्याच्या बागेत घड बघत फिरतोय. लग्नाला मे मध्ये नक्की येतो. आणि अजून एक, कंपनीनं पुढच्या सीझनचं विचारलं होतं, मी गेल्या सोमवारी सही करून टाकली. अण्णांना तू सांग, जेवण झाल्यावर सांग.

छोटीला म्हणावं साडीचा फोटो पाठव.

तुझा,
बाळू

ता. क. विहिरीकडच्या तिसऱ्या ओळीतल्या वेलींच्या मण्यांत पाणी उतरलं का? मी दोनदा विचारलं, अण्णांनी विषय बदलला.