सेन्सर बदलला, बिघाड तसाच: चुकीच्या निदानाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: इंजिनात पेट्रोल जास्त जात असताना तपासणी न करता पार्ट बदलल्याबद्दल

महोदय,

माझी तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी चेक इंजिनचा दिवा लागल्यामुळे मी तुमच्या नाशिकच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली होती. ॲव्हरेज एकदम घसरले होते, सायलेन्सरमधून काळा धूर येत होता आणि गरम गाडी बंद केली की परत चालू व्हायला खूप वेळ घेत होती. हे सगळे मी जॉब कार्डावर लिहून दिले होते. स्कॅनरवर पी ०१७२ कोड आला आणि तेवढ्यावरच ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रणाचा अंदाज देणारा पार्ट) बदलून माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले. थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला.

हा कोड मिश्रणात पेट्रोल जास्त आहे एवढेच सांगतो. सेन्सर खराब आहे असे सांगत नाही. पीयूसी केंद्रावरच्या यंत्रातही कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर गेला. म्हणजे जुना सेन्सर खरेच सांगत होता.

मग आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने माझ्यासमोर तिन्ही सिलिंडरचे स्पार्क प्लग काढले. दोन प्लग फिकट तपकिरी, कोरडे. तिसरा मात्र काजळीने काळाकुट्ट, वर पेट्रोलने ओला. सेन्सर किंवा एअर फिल्टरचा दोष असता तर तिन्ही प्लग सारखेच काळे झाले असते. एकच सिलिंडर भिजतो, तेव्हा आधी त्याच्या इंजेक्टरवर, म्हणजे त्यात पेट्रोल फवारणाऱ्या पार्टवर, संशय घ्यायला हवा. इंजेक्टर गळत असेल तर इंजिन बंद केल्यावरही आत पेट्रोल ठिबकत राहते. गरम गाडी चालू न होण्याची माझी तक्रार त्याच्याशी जुळते. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दीर्घकालीन दुरुस्ती) उणे २२ टक्के दिसत होता, म्हणजे ईसीयू, इंजिनाचा कॉम्प्युटर, आधीच पेट्रोल कमी करू पाहत होता. हा आकडा तुमच्या स्कॅनरवरही दिसला असता, पण जॉब कार्डावर त्याची नोंदच नाही. याचा मला फार संताप येतो.

डिपस्टिकवरच्या ऑइललाही आता पेट्रोलचा वास येतो. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवायची मला भीती वाटते, आणि न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा पार्ट) खराब होईल ते वेगळेच.

तरी सेन्सरचे व मजुरीचे पैसे परत करावेत. इंजेक्टरची गळती व फ्युएल प्रेशर माझ्यासमोर तपासून आकडे लेखी द्यावेत, ऑइल विनामूल्य बदलावे आणि कन्व्हर्टरची तपासणी करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत: जॉब कार्ड, बिल, पीयूसीचा अहवाल, प्लगचे फोटो.

आपला,
एक ग्राहक, नाशिक