टोपलीसाठी बांबू कुठून आणायचा?

मा. अंतर्गत व्यवहार मंत्री, अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांस,

स. न. वि. वि.

नॉर्थ कॅरोलिनात राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांकडे भारतातून आई-वडील आले, की स्मोकी पर्वताची फेरी ठरलेलीच. वाटेत चेरोकी गाव लागतं आणि नातवंडांसाठी पिसांचा टोप घेतला जातो. तो टोप मुळात चेरोकींचा, म्हणजे इथल्या मूळनिवासी जमातीचा, नाही; मैदानी मुलखातल्या जमातींचा आहे. पर्यटकांनी सिनेमात जे पाहिलं तेच मागितलं, आणि दुकानांनी तेच विकलं. पोटासाठी विकणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही.

खरी कारागिरी त्याच गावात क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युच्युअलमध्ये मिळते. ही कारागिरांची सहकारी संस्था १९४६ सालची. (सहकाराच्या मुलखातून आलेल्याला तिथे उगीचच घरच्यासारखं वाटतं.) तिथली दुहेरी विणीची टोपली हातात घेऊन बघा. वीण आतल्या तळापासून सुरू होते, काठापर्यंत चढते, तिथे वळते आणि बाहेरून पुन्हा तळाशी उतरते. एकात एक अशा दोन टोपल्या, मध्ये जोड कुठेच नाही. केशरी रंग ब्लडरूटच्या मुळांचा, तपकिरी काळ्या अक्रोडाचा. पट्ट्या 'रिव्हर केन' या देशी बांबूच्या. हाताने चिरायच्या, तासायच्या, मग रंगवायच्या. विणकाम त्यानंतर.

पण हा बांबू आहे कुठे? नदीकाठची बहुतेक बेटं शेतीने आणि गुरांनी संपवली. कारागीर त्यासाठी पार केंटकीपर्यंत जातात. पर्यटक कितीही वाढले तरी बांबूविना टोपली विणली जाणार नाही.

इथे तुमचा संबंध येतो, कारण नॅशनल पार्क सर्व्हिस तुमच्याच खात्यात आहे. २०१६ च्या नियमाने मान्यताप्राप्त जमातींना राष्ट्रीय उद्यानांत पारंपरिक वनस्पती गोळा करण्याची वाट मोकळी झाली. त्याच आधारे २०१९ मध्ये स्मोकी उद्यानाने चेरोकींशी सोचान या रानभाजीसाठी करार केला. भाजीला जमलं ते बांबूलाही जमावं. तुमच्या ताब्यातल्या जमिनींवर जिथे बेटं उरली आहेत, तिथे तोडीची परवानगी द्या आणि नवी लागवड जमातीच्या सल्ल्याने करा.

दुसरं, इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्डही तुमच्याकडेच. परका माल 'इंडियन', म्हणजे इथल्या मूळनिवासींनी केलेला, म्हणून खपवला, तर १९९० च्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार येण्याची वाट न पाहता ऐन हंगामात स्मोकीच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांत तुमची माणसं फिरू द्यात.

आपला नम्र,
शार्लटचा एक मराठी रहिवासी