दोन रात्री अंगात घातलेला टी-शर्ट

प्रिय विन्या,

तीन महिन्यांनी पत्र लिहितोय आणि तेही काम काढून, तेव्हा शिव्या आधीच देऊन घे. दिल्यास? आता काम ऐक. तुला दोन रात्री एक पांढरा सुती टी-शर्ट घालून झोपायचंय आणि तो न धुता मला पाठवायचाय. हसू नकोस. दोन दिवस आधीपासून बिनवासाचा साबण, अत्तर बंद, डिओ बंद, लसूण बंद, सिगारेट बंद, आणि झोपायचं एकट्याने. वहिनींना काय सांगायचं ते तुझं तू बघ.

झालंय असं की माझी पुतणी माणसाच्या अंगाच्या वासावर संशोधन करते. तिला जुन्या मित्रांच्या जोड्या हव्या आहेत. तिने विचारल्यावर माझ्या तोंडून पहिलं नाव तुझंच निघालं, आता मागे फिरता येणार नाही. माझा टी-शर्ट मी देऊनही टाकला. सकाळी अंगातून काढला की तडक झिपच्या पिशवीत, हवा दाबून बाहेर काढायची आणि पिशवी फ्रीझरमध्ये. बर्फाच्या ट्रेला खेटून माझी बगल बघितल्यावर आमच्या घरात जे संभाषण झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मित्रच का, तर 2022 मध्ये इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या लोकांनी मित्रांच्या वीस जोड्या घेतल्या होत्या, पहिल्याच भेटीत सूत जुळलं असं सांगणाऱ्या. सगळ्यांना असेच टी-शर्ट घालायला लावले आणि ते इलेक्ट्रॉनिक नाकाला, म्हणजे वास मोजणाऱ्या यंत्राला, हुंगवले. मित्रांचे वास परक्यांपेक्षा एकमेकांच्या जास्त जवळचे निघाले. तुझ्यासारखाच मीही म्हणालो, एकत्र राहून, एकच खाऊन वास सारखा होत असणार. मग त्यांनी एकमेकांना न ओळखणारी माणसं समोरासमोर उभी केली, न बोलता एकमेकांच्या हालचालींची नक्कल करायला सांगितली आणि कुणाशी जमलं ते विचारलं. कुणाचं कुणाशी जमेल ते वासावरून बऱ्यापैकी आधीच सांगता आलं! होस्टेलवर दोरीवरच्या ढिगातून माझा सदरा तू अंधारात हुंगून काढायचास, आठवतं? मी आपला इतकी वर्षं सांगत फिरतोय की आपली दोस्ती बुद्धिबळामुळे झाली.

परवा तिच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. काखेतल्या ग्रंथी जे सोडतात ते त्वचेवरचे जिवाणू खातात आणि वास ते तयार करतात. म्हणजे आयुष्यभर आपण ज्याबद्दल शरमलो ती भाडेकरूंची करामत. शरीरातून उडून जाणारी रसायनं किती, तर 2014 साली केलेल्या यादीत निरोगी माणसाचीच 1840 भरली. श्वास, घाम, लाळ, सगळं धरून.

ती वेगळी करायचं यंत्र म्हणजे एक छोटी भट्टी. आत केसासारख्या बारीक नळीचं वेटोळं, उलगडलं तर तीस मीटर. कापडातून निघालेला वास एका टोकाने आत जातो, भट्टी हळूहळू तापते आणि जी रसायनं चटकन उडतात ती आधी, चिवट ती मागून, अशी एकेक करून दुसऱ्या टोकाला पोचतात. तिथे वाट दुभंगते. अर्धा वास रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्राकडे, अर्धा एका काचेच्या नरसाळ्याकडे. त्या नरसाळ्याला नाक लावून माणूस बसतो, वास आला की बटण दाबतो. एवढं महागडं यंत्र, आणि शेवटी नाक माणसाचंच! मी बसलो. बराच वेळ काहीच नाही, नुसती कोमट हवा. मग एकदम साबणासारखं काहीतरी, दोन सेकंदांत गायब. मग पुन्हा काही नाही. नाक कोरडं पडायला लागलं. आणि मग एक वास आला, तेलकट, थोडा गवताळ, थोडा जुन्या कपाटाचा. मी बटण दाबलं. पुतणी पडद्याकडे बघून म्हणाली, "काका, हा नॉनेनल. वयाचा वास." जपानी संशोधकांनी 2001 मध्ये तो चाळिशीपुढच्या लोकांच्या अंगावर टिपला होता. आरशाने इतक्या स्पष्टपणे मला कधी सांगितलं नव्हतं.

आजार वासावरून कळतात, हे मात्र मला पटलं. मधुमेह फार बिघडला की श्वासाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो, हे डॉक्टरांना जुनंच आहे. पण स्कॉटलंडच्या जॉय मिल्न यांची गोष्ट ऐक. नवऱ्याच्या अंगाला वेगळाच, कस्तुरीसारखा उग्र वास येऊ लागला म्हणून त्या त्याच्या मागे लागायच्या, नीट आंघोळ कर म्हणून. तो स्वतः डॉक्टर. दहा-बारा वर्षांनी त्याला पार्किन्सन, म्हणजे कंपवात, निघाला. पुढे पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेळाव्याला गेल्या तर अख्ख्या खोलीला तोच वास. एडिनबरा विद्यापीठाच्या टिलो कुनाथ यांनी त्यांना बारा टी-शर्ट हुंगायला दिले, सहा रुग्णांचे, सहा निरोगी माणसांचे. सहाही रुग्ण त्यांनी ओळखले, आणि वर एका निरोगी माणसालाही पार्किन्सन आहे म्हणाल्या. एकच चूक, असं सगळ्यांनी धरलं. काही महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सन असल्याचं निदान झालं. गंमत अशी की वास काखेत नव्हता, मानेखाली पाठीवर होता, त्वचेच्या तेलकटपणात. मँचेस्टरच्या पर्डिटा बॅरन आता तिथूनच कापसाचा बोळा फिरवून नमुने घेतात आणि यंत्रात घालतात.

1934 ची नॉर्वेतली गोष्टही अशीच. दोन मतिमंद मुलांची आई डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घालत होती, मुलं अशी का आणि त्यांच्या अंगाला विचित्र वास का येतो, हे विचारत. कुणी लक्ष दिलं नाही. ॲसबियोर्न फोलिंग यांनी दिलं. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड नावाचं रसायन टाकलं तर ती हिरवी झाली, आणि त्यातून फिनाइलकीटोन्युरिया हा आजार सापडला, ज्यात प्रथिनांतलं एक द्रव्य शरीराला पचवता येत नाही. आज अनेक देशांत जन्मल्या जन्मल्या बाळाची त्यासाठी तपासणी होते, वेळेत आहार बदलला की मेंदू वाचतो. दोन्ही वेळा आधी कळलं ते घरातल्या बाईला, आणि दोन्ही वेळा आधी कुणी ते मनावर घेतलं नाही. माझी बायको चार दिवसांपूर्वी म्हणाली, तुझ्या उशीला वेगळाच वास येतोय. पूर्वी मी खांदे उडवले असते. परवा मुकाट्याने रक्त तपासून आलो. काही निघालं नाही, अभ्रा जुना होता.

भावनांच्या बाबतीत माझं मत अजून डळमळतं. जर्मनीतल्या माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी चित्रपटगृहातून बाहेर जाणारी हवा मोजली. थरारक प्रसंग आला की हवेतले कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन, श्वासातलं आणखी एक रसायन, वर जायचे, दर खेळाला त्याच जागी. प्रेक्षक अंग आवळून बसतात, स्नायूंतलं आयसोप्रीन श्वासातून बाहेर पडतं. बेलफास्टमध्ये 2022 साली छत्तीस जणांना 9000 पासून सतरा-सतरा वजा करत उलटं मोजायला लावलं, वर चुकलं की टोकायचं. आधीचा आणि नंतरचा घाम-श्वास कुत्र्यांपुढे ठेवला. शंभरात जवळजवळ चौऱ्याण्णव वेळा त्यांनी ताणाचा नमुना बरोबर हेरला. ठीक आहे. पण ताण कशाचा, हे कुत्र्याला काय ठाऊक? अख्खं थिएटर दचकलं हे हवा सांगते. कोण शेजारच्या माणसाचा हात धरावा की नाही या विचाराने आवळून बसलाय, ते नाही सांगत. वासावरून मन वाचतो म्हणणाऱ्याने आधी हा फरक सांगावा.

आणि एका गोष्टीने तर माझ्या अंगावर काटा आला. पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा, श्टाझी, चौकशीला बोलावलेल्या माणसाच्या खुर्चीवर कापड ठेवायची. तो उठून गेला की कापड काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, वर चिठ्ठी. पुढे कुठे सरकारविरोधी पत्रक सापडलं तर त्याचा वास कोणत्या बरणीशी जुळतो, ते कुत्र्याकडून ओळखून घ्यायची. तोंड बंद ठेवता येतं रे, वास कसा ठेवणार? म्हणून मी पुतणीला दोन अटी घातल्या. आपल्या पिशव्यांवर नाव नको, फक्त आकडा. आणि काम झालं की दोन्ही टी-शर्ट आपल्याला परत. ती हसली, पण तसं लिहून दिलं तिने.

तर टी-शर्ट आणि पिशवी मीच पाठवतो, तुझी भोकं पडलेली बनियन चालणार नाही. निकाल आला की कळवीनच. फक्त आपले वास अजिबात जुळले नाहीत, तर तो कागद टपालात हरवेल, आणि तू त्याबद्दल विचारायचं नाहीस.

तुझा,
अवि